कुंडीच्या तळाशी खडी घालू नका

सोलापुरात कुणी गच्चीवर पहिली मेथी पेरायला निघालं, की शेजारच्या काकू हमखास सांगतात, "तळाशी दोन बोटं खडी घाल, पाणी साचत नाही." सल्ला मायेचा आहे, पण चुकीचा.

होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे तळाला साचणारा ओलावा खडी काढून टाकत नाही, फक्त दोन बोटं वर, मुळांच्या जवळ आणून ठेवते. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो, आणि खडी मातीची उंचीच खाते.

आपल्याकडची खरी अडचण काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नुसती तीच कुंडीत भरली तर खडी काय करणार? एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एवढं पुरे. भोकं मात्र हवीतच; माती वाहू नये म्हणून त्यांवर जाळीचा तुकडा टाका.

मेथी-पालकाला वीतभर खोली चालते, टोमॅटोला फूटभर लागते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की कुंड्या दुपारी सावलीत सरकवा. तेव्हा खडीचं ते जादा वजनही नकोच वाटतं.