चलन घसरतं तेव्हा कर्ज फुगतं

एका डॉलरला शंभराहून अधिक येन मिळतात आणि एका कुवेती दिनारला तीन डॉलर. म्हणून जपान कुवेतपुढे कंगाल ठरत नाही. तुर्कस्तानने २००५ साली लिरावरची सहा शून्यं पुसली, तेव्हाही रातोरात कुणी श्रीमंत झालं नाही. तरी 'चलनाचा भाव म्हणजे देशाची इभ्रत' ही समजूत काही जात नाही.

महागाई, व्याजदर, आयात-निर्यातीतली तफावत यांनी दर हलतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. विकसनशील देशांचं खरं दुखणं वेगळं आहे: कमाई स्वतःच्या चलनात, कर्ज डॉलरमध्ये. बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्डो हाउसमन या अर्थतज्ज्ञांनी १९९९ साली याला 'मूळ पाप' म्हटलं.

इंडोनेशियाचं घ्या. तिथलं चलन रुपिया. १९९७च्या मध्याला डॉलर सुमारे २,४०० रुपियाला होता. एखाद्या कंपनीचं दहा लाख डॉलरचं कर्ज म्हणजे २४० कोटी रुपिया. जानेवारी १९९८मध्ये डॉलरने १०,०००चा टप्पा ओलांडला आणि तेच कर्ज हजार कोटींच्या वर गेलं. कंपनीने एक छदामही नवा उचलला नव्हता! मग घाबरून जो तो डॉलर घ्यायला धावतो, त्यामुळे रुपिया आणखी पडतो, त्यामुळे कर्ज आणखी फुगतं. चलन स्वस्त झालं की निर्यात वाढते म्हणतात, पण तोवर कारखाना तगायला हवा ना.

आधीच दर बांधून का घेतला नाही? त्यासाठी फॉरवर्ड करार असतो: पुढच्या तारखेला डॉलर कोणत्या दराने घ्यायचे-द्यायचे हे आजच ठरवायचं. समजा, डॉलरवर व्याज ६ टक्के आणि रुपियावर १६. मग वर्षभरानंतरच्या डॉलरचा फॉरवर्ड दर २,४०० × १.१६ ÷ १.०६, म्हणजे साधारण २,६२६ निघतो. व्याजात वाचलेलं सगळं इथे जातं. स्वस्त कर्ज स्वस्त राहतं ते धोका उघडा ठेवला तरच.

मग दर कुठे जाईल हे आधीच ओळखता येईल का? ग्रह पाहून डॉलरचा भाव सांगणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पण १९८३मध्ये मीझ आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की वर्षभराच्या आतल्या अंदाजात अर्थतज्ज्ञांची तेव्हाची मॉडेल्सही 'दर आज आहे तेवढाच राहील' या भाबड्या अंदाजाला हरवू शकत नव्हती.

मध्यवर्ती बँकेची परकीय चलनाची गंगाजळी हा शेवटचा आधार. थायलंडकडे ती कागदावर भरलेली दिसत होती. पण बाथ हे आपलं चलन सावरताना तिथल्या मध्यवर्ती बँकेने त्यातले बरेचसे डॉलर फॉरवर्ड करारांत आधीच देऊ केले होते. २ जुलै १९९७ला तिने बाथचा दर बाजारावर मोकळा सोडला.