माळरानातील पक्षी

दख्खनच्या पठारावरील कोरड्या गवताळ भागात राहणारे, बहुतांशी जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याची पूर्व बाजू आणि साताऱ्या-सांगलीचे दुष्काळी तालुके हा त्यांचा महाराष्ट्रातील मुख्य टापू. जमीन मुरमाड, माती वीतभरही नाही, पाऊस बेताचा. झाडोरा दाट होत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते तग धरतात.

दुरून माळ एकसारखा दिसतो. पक्ष्यांच्या लेखी तो तसा नसतो. कोणी कुठे राहायचे, हे बरेचसे गवताच्या उंचीवर ठरते. मेंढ्यांनी चरून खुरटलेल्या, जवळजवळ उघड्या जागी धाविक असतो. चार पावले तुरुतुरु पळायचे, थबकायचे, वाकून किडा टिपायचा, पुन्हा पळायचे, अशी त्याची रीत. उंच गवतात ती चालणार नाही. माळटिटवीही इथलीच. लाल गाठीची नेहमीची टिटवी पाण्याच्या आसपास रमते, हिला कोरडे रान पुरते. तिची अंडी खड्यांत अशी मिसळतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

डोंबारी हा चंडोलाचा भाऊबंद. नर पंख फडफडवत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमीन जवळ येताच पुन्हा वर उसळी घेतो. त्याचे हे नाव ज्याने ठेवले त्याची नजर पक्की होती. पखुर्डीचा आहार कोरड्या बियांचा, म्हणून तिला पाणवठा गाठावाच लागतो. नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि तेच पाणी उडत नेऊन पिलांना पाजतो.

गवत गुडघाभर झाले की तणमोराचे रान सुरू होते. पावसाळ्यात नर गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि दडतो. मादीला आपला ठावठिकाणा कळवण्याची ही त्याची पद्धत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात. दिवसभर गवतावरून कमी उंचीवर तरंगत नाकतोडे, उंदीर शोधतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच एकत्र मुक्काम करतात.

माळढोकाला मात्र सगळेच लागते: नराला मिरवायला मोकळी जागा, मादीला एकुलते अंडे लपवायला गवत, चरायला भोवतालची कोरडवाहू शेते. नर १५ किलोंपर्यंत भरतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे अभयारण्य त्याच्यासाठी १९७९ मध्ये झाले. त्याच्या हद्दीत गावे आणि शेतेही आली, लोकांची नाराजी ओढवली आणि पुढे हद्द बरीच कमी करावी लागली. आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी नजर यांमुळे ते विजेच्या तारांवर आदळून मरतात.

सरकारी दप्तरात माळाची नोंद अनेकदा ‘पडीक’ अशी होते आणि तिथे चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावली जाते. झाडे वाढली की कावळ्यांना अंडी हेरायला उंच बैठक मिळते. चराईचे गणितही सोपे नाही. बेसुमार चराईने तणमोराचा आडोसा जातो. कायमचे कुंपण घातले तर गवत सर्वत्र सारखेच वाढते, आणि धाविकाला पळायला जागा राहत नाही.