बुटका दाता म्हणजे मोडका दाता नव्हे

गिअरच्या सायकलची पुढची मोठी चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं चेन ओढणारं दातेरी चाक, निरखून पाहिली, तर तिचे दाते एकसारखे नसतात. काही बुटके, काहींची टोकं एका अंगाने तिरकी उतरवलेली, आतल्या बाजूला खाचा आणि बारीक पिना. हे सगळं कारखान्यातच मुद्दाम केलेलं असतं. लहान चेनरिंगवरची चेन मोठीवर चढवायची, तर तिला आतून उचलायला पिना लागतात आणि पलीकडे जायला बुटके दाते. असे दाते बहुधा समोरासमोर दोन ठिकाणी असतात, कारण पेडल अगदी वर-खाली असताना पायाचा जोर सर्वांत कमी पडतो आणि चेन तेव्हाच सरकवणं सोपं जातं. पुढे एकच चेनरिंग असेल तर बऱ्याचदा एक दाता जाड, एक अरुंद अशी रचना असते. चेन निसटू नये म्हणून ती केलेली असते.

झीज वेगळी दिसते. दाता चेनमधल्या रोलरला (कडीतल्या गोल नळीला) पुढे ढकलतो, म्हणून फिरण्याच्या दिशेकडचीच बाजू खरवडली जाते. तिथे खळगा पडतो, टोक पुढे झुकतं आणि दात्याचा गळासारखा आकडा होतो. मागची बाजू मात्र जवळपास जशीच्या तशी राहते. असा आकडा खालच्या बाजूला चेनला वेळेवर सोडत नाही, तिला वर ओढत नेतो.

एक गोष्ट हमखास फसवते. क्रँक (पेडलचा दांडा) आणि चेनरिंग एकमेकांना पक्के जोडलेले असल्याने पूर्ण जोराच्या वेळी दर फेरीला तेच दाते भार घेतात. त्यामुळे झीजही समोरासमोर दोन ठिकाणी जास्त दिसू शकते! अशा वेळी शेजारचे दाते पाहावेत. झीज एका दात्यावरून दुसऱ्यावर हळूहळू वाढत जाते. घडवलेला आकार मात्र एकाच दात्यावर अचानक बदलतो आणि त्याच्या कडा नेटक्या असतात.

दगडावर आपटून वाकलेला दाता ओळखायला चेनरिंगकडे वरून पाहत पेडल उलटं फिरवावं. एकच दाता बाजूला झुकलेला दिसतो, बऱ्याचदा त्याच्यावर ताजा ओरखडा असतो.

तरीही शंका उरली, तर चेन मोजावी. दहा कड्या नवेपणी 127 मिलिमीटर भरतात. त्यात एक मिलिमीटरची वाढ दिसली, तर चेन बदलण्याची वेळ झालेली असते. नवी चेन घातल्यावर जोर देताना ती दात्यांवरून उसळू लागली, तर चेनरिंगही बदलावी. बुटक्या दात्यांना मात्र कानस लावू नये.