चोरिस पुलाव: एका टोपात तेल आणि पाण्याचं भांडण

गोव्याचा चोरिस पुलाव करायला तसा सोपा, टोप एकच, त्यात चोरिस, कांदा, तांदूळ, पाणी, वर झाकण की झालं. पण सगळं एकदम टाकून गॅस पेटवला तर रंग फिका येतो आणि भाताला उकडलेल्या मटणासारखी चव लागते. फरक पडतो तो क्रमाने, आणि तो का पडतो हे बघण्यासारखं आहे.

चोरिस म्हणजे डुकराचं मांस आणि चरबी, त्यात मीठ, सुकी लाल मिरची, लसूण, मिरी आणि माडाचं व्हिनेगर, हे सगळं आतड्यात भरून मण्यांच्या माळेसारखं बांधून वाळवतात. पोर्तुगीज गोव्यात 1510 ते 1961 होते, मिरची अमेरिकेतून इकडे आणली ती त्यांनीच. व्हिनेगरने मांस आंबट होतं, मीठ आणि वाळवण पाणी ओढून घेतात, म्हणजे जंतूंना वाढायला ना पाणी ना सोयीचं वातावरण, म्हणून तर उन्हाळ्यात केलेली माळ पावसाळ्यात कामी येते. तरी मांस कच्चंच असतं हां, नीट शिजवायलाच हवं.

आता टोपाकडे या. दोरा आणि साल काढून चोरिस टोपात टाका, तेल नको, अर्धी वाटी पाणी घाला. पाणी असेपर्यंत टोपातलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मसाला करपत नाही आणि चरबी निवांत वितळून बाहेर येते. मग कान द्या. आधी बुडबुड असा जाड आवाज येतो, पाणी संपलं की तोच आवाज बारीक चरचरीत होतो, आणि कडेला लालभडक तेल दिसायला लागतं. इथून तापमान 140-150 च्या पुढे जातं आणि मांस तांबूस होऊन तो खमंग वास सुटतो, जो नुसत्या उकळण्याने कधीच येत नाही. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, म्हणून कांदा आणि तांदूळ याच तेलात परतायचे, दाणा न् दाणा रंगतो.

बटाटा घालणार असाल तर बारीक चिरा. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात टिकून राहतं. भात तयार आणि बटाटा कचकचीत, असं होतं ते यामुळेच.

पाण्याचं माप हा खरा घोळ. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे सगळ्यांना पाठ असतं, पण तांदूळ स्वतः साधारण त्याच्याएवढंच किंवा थोडं जास्त पाणी पितो, बाकीचं वाफ होऊन जातं, आणि वाफ किती जाणार हे ठरतं टोपाच्या रुंदीवर, झाकणावर आणि वेळेवर, तांदूळ किती यावर नाही. म्हणून एका वाटीला दोन लागतं म्हणून चार वाट्यांना आठ घातलं की खिचडी झालीच म्हणून समजा, पाच-साडेपाच पुरतं. तांदूळ भिजवलेला असेल तर अजून कमी. तांदूळ बासमतीच घ्या, त्यात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असतो म्हणून दाणे सुटे राहतात, इंद्रायणी छान पण इथे चिकट गोळा होईल. मीठ शेवटी चाखून, कारण चोरिसमध्ये ते आधीच भरपूर असतं.

उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत, कोमट भातात ते जागे होऊन वाढतात आणि त्यांनी बनवलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट डब्यात काढा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी स्टार्च घट्ट झालेला असतो, दाणे कडक आणि सुटे, तव्यावर परतायला एकदम बेस्ट, वर एक अंडं फोडलं तर अजून मजा.