धडधड दीडशेवरच अडकून बसते तेव्हा

‘अँजिओग्राफी क्लीन आली, म्हणजे हार्ट एकदम ओके.’ ठाण्यातल्या उपवनला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही घोळक्यात हे वाक्य कानावर पडतंच. हृदयविकार म्हणजे ब्लॉकेज, ब्लॉकेज म्हणजे स्टेंट नाहीतर बायपास, आणि ब्लॉकेज नसेल तर गॅस, एवढ्यावर आपण मोकळे होतो. नौपाड्यात आमच्याच इमारतीतल्या एका काकांचं असंच झालं. स्टेशनचा पूल चढताना धाप लागायची, छातीत फडफडायचं, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या धडधड सुरू व्हायची. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मग ओवा झाला, हिंग झाला, लिंबू-सोडा झाला. शेवटी एकदा धडधड चालू असतानाच ईसीजी काढला गेला आणि निदान कागदावर उतरलं: एट्रियल फ्लटर.

अँजिओग्राफी दाखवते त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या. हृदयात वीज कशी फिरते याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. रक्तपुरवठा उत्तम आणि वीज बिघडलेली, किंवा याच्या उलट, असं अगदी सहज असू शकतं. या विजेच्या बिघाडांपैकी एट्रियल फ्लटर मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तो का होतो हे जवळजवळ भूमितीसारखं समजावून सांगता येतं, आणि ते समजलं की त्याचे उपचार असे का आहेत हेही आपोआप उलगडतं.

शाळेतली आकृती आठवा. हृदयाचे चार कप्पे: वर दोन अलिंद (इंग्रजीत एट्रियम), खाली दोन निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाशी, वरची महाशिरा जिथे उघडते तिथे, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची लाट सोडतो. ही लाट दोन्ही अलिंदांभर पसरते, मग अलिंद आणि निलयांच्या सीमेवरच्या एव्ही नोड नावाच्या पुंजक्यापाशी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकी रेंगाळते आणि खाली निलयांत उतरते. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पडदा असतो. निरोगी हृदयात खाली जायला एव्ही नोड हीच एक वाट. मनगटावर आपल्याला जी नाडी लागते ती निलयांची.

आता फ्लटरचा ईसीजी जवळून बघा. गुलाबी चौकटींचा तो कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. ठळक रेघांचा मोठा चौकोन ५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.२ सेकंदाचा. ईसीजी हृदयाची वीज वेगवेगळ्या कोनांतून टिपतो, प्रत्येक कोन म्हणजे एक लीड. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या लीडमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या लाटा दिसतात आणि जवळपास दर मोठ्या चौकोनाला एक दाता पडतो. सेकंदाला पाच, मिनिटाला ३००. अलिंद इतक्या वेगाने फडफडत असतं. एव्ही नोडला हा वेग झेपत नाही, तो बहुतेक वेळा एक लाट सोडतो आणि एक अडवतो. म्हणून निलयांचे ठोके पडतात मिनिटाला १५०. प्रत्येकाचा आकडा नेमका ३०० नसतो, २५० ते ३५० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पण नाडी दीडशेच्या आसपास खिळून राहिली की अनुभवी डॉक्टरांच्या मनात पहिली शंका फ्लटरचीच येते.

‘खिळून राहिली’ हे महत्त्वाचं. ठाण्याहून सुटणारी फास्ट लोकल पकडायला जिना धावत चढलात तर नाडी दीडशेला जाईलही, पण गाडीत बसायला मिळालं तर भांडुप येईपर्यंत ती उतरणीला लागलेली असते. फ्लटरमध्ये माणूस खुर्चीत बसलेला, ताप नाही, धावपळ नाही, तरी तासाभराने मोजलं तरी तोच आकडा. आणि ठोके अनेकदा घड्याळासारखे नियमित. प्रत्येक दुसरा दाता मोठ्या ठोक्याच्या रेषेत दडून जातो, त्यामुळे घाईत वाचलेल्या ईसीजीत हा आजार निसटूही शकतो. अशा वेळी ॲडिनोसिनचं इंजेक्शन देऊन एव्ही नोड काही सेकंद बंद पाडतात. ठोके थांबतात आणि मागचे दाते स्वच्छ दिसू लागतात.

पण अलिंदाला हा वेग देतं कोण? सायनस नोड नाही. खरं तर कोणीच नाही. एकच लाट गोल गोल फिरत असते.

हे उलगडण्याची सुरुवात जेलीफिशपासून होते. आल्फ्रेड मेयर हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्लोरिडाजवळच्या टॉर्टुगास बेटांवर काम करायचे. त्यांनी जेलीफिशच्या शरीराची कडी कापून घेतली आणि तिच्यात एकाच दिशेने धावणारी आकुंचनाची लाट सुरू करून दिली. ती लाट थांबेचना, कित्येक दिवस त्या कडीत फिरत राहिली. हे १९०६ च्या सुमारास. पुढे जॉर्ज माइन्स या तरुण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कासवांच्या आणि माशांच्या हृदयांच्या कड्यांवर हेच करून दाखवलं आणि १९१३-१४ मध्ये त्याचे नियम मांडले.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर दिवाळी पहाटेची तलावपाळी घ्या. मासुंदा तलावाभोवती माणसांची अखंड साखळी उभी आहे. नियम असा: शेजाऱ्याने हात वर केला की आपण करायचा, आणि एकदा केला की थोडा वेळ दम खायचा, त्या काळात कोणी कितीही डिवचलं तरी हलायचं नाही. एका जागेहून लाट सोडली तर ती दोन्ही बाजूंनी धावते, पलीकडच्या काठावर दोन्ही लाटा समोरासमोर येतात आणि विझतात, कारण पुढची माणसं नुकतीच हात वर करून दम खात असतात. आता समजा, लाट सोडली त्या क्षणी डाव्या बाजूचे काही जण आधीच दम खात होते. लाट उजवीकडूनच जाईल, तलावाला वळसा घालून परत येईल, तोवर डावीकडची माणसं ताजीतवानी झालेली असतील. लाट पुढे जाईल. पुन्हा वळसा. पुन्हा. कोणीही नव्याने सुरुवात न करता ती फिरतच राहील.

उजव्या अलिंदात ही कडी असते त्रिदली झडपेभोवती. तिचा परीघ साधारण १२ सेंटिमीटर धरू. एका फेरीला ०.२ सेकंद लागतात, म्हणजे लाटेचा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर. पेशी एकदा पेटली की तिची सोडियमची दारं काही काळ बंद होतात आणि ती पुन्हा पेटू शकत नाही. हा काळ ०.१५ सेकंद समजा. तेवढ्या वेळात लाट ६० गुणिले ०.१५, म्हणजे ९ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे कोणत्याही क्षणी कडीचा ९ सेंटिमीटर भाग दम खात असतो आणि उरलेला ३ सेंटिमीटर भाग लाटेच्या तोंडापुढे तयार असतो. हे आकडे समजण्यापुरते सोपे केलेत, पण गोम त्या तीन सेंटिमीटरमध्ये आहे. ही मोकळी जागा शिल्लक आहे तोवर लाट जिवंत राहते.

मग लाट मारायची कशी? एक मार्ग, दम खाण्याचा काळ वाढवायचा. तो ०.१५ वरून ०.२ झाला की ९ चे १२ सेंटिमीटर होतात, लाटेचं तोंड तिच्याच शेपटीवर आदळतं आणि खेळ संपतो. पोटॅशियमची पेशीबाहेर जाण्याची वाट रोखणारी इब्युटिलाइड किंवा डोफेटिलाइडसारखी औषधं हेच करतात. मात्र हाच परिणाम निलयांवरही होतो आणि क्वचित त्यातून अधिक धोकादायक लय सुरू होऊ शकते, म्हणून ती मॉनिटर लावून, रुग्णालयात सुरू करतात.

दुसरा मार्ग वरवर तितकाच शहाणपणाचा वाटतो: लाटेचा वेग कमी करायचा. फ्लेकेनाइड हे करतं. पण वरचा गुणाकार पुन्हा करून बघा. वेग ६० वरून ४० वर आला, तर दम खाणारा भाग ६ सेंटिमीटरच उरतो. मोकळी जागा वाढली! लाट मरत नाही, फक्त संथ होते: मिनिटाला ३०० ऐवजी २००. आणि २०० हा वेग एव्ही नोडला झेपू शकतो. तो आता एकही लाट अडवत नाही. ठोके १५० वरून कमी होण्याऐवजी २०० वर जातात आणि रुग्ण कोसळू शकतो. म्हणून असं औषध देताना सोबत एव्ही नोडला आवर घालणारं औषध देण्याची काळजी घेतात. कोणाच्या तरी धडधडीवर लागू पडलेली गोळी स्वतःच्या धडधडीवर घेऊन बघू नये, याचं इतकं स्पष्ट गणिती कारण दुसरं मला माहीत नाही.

मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधं कडीला हातच लावत नाहीत. ती एव्ही नोडला अधिक लाटा अडवायला लावतात, त्यामुळे नाडी शंभराच्या खाली येते आणि माणसाला बरं वाटतं. वर अलिंद फडफडतंच असतं. फ्लटरमध्ये या औषधांनी वेग ताब्यात ठेवणं बऱ्याचदा जिकिरीचं जातं.

विजेचा झटका हा मात्र खात्रीचा उपाय. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये ठोक्याशी वेळ जुळवून झटका देण्याची पद्धत मांडली. रुग्णाला थोडा वेळ गुंगी देतात. फ्लटरला पुष्कळदा ५० ते १०० ज्यूल पुरतात. सगळ्या पेशी एकदम पेटतात, लाटेला पुढे जायला जागाच उरत नाही, आणि सायनस नोड पुन्हा सूत्रं हाती घेतो. पण कडी तिथेच असते, त्यामुळे फ्लटर परत येऊ शकतो.

कडी कायमची तोडायची कल्पनाही माइन्स यांच्याच लिखाणात आहे. लाट खरोखर फिरते आहे का हे तपासायचं असेल तर कडी एका ठिकाणी कापा, लाट थांबली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं होतं. १९१४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, मॉन्ट्रिअलच्या प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. त्यांची ती कसोटी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उपचार बनून माणसाच्या हृदयापर्यंत पोचली.

नेहमीच्या प्रकारच्या फ्लटरमध्ये लाटेला एका चिंचोळ्या पट्टीतून जावंच लागतं. एका बाजूला त्रिदली झडप, दुसऱ्या बाजूला खालच्या महाशिरेचं तोंड, आणि मधे काही सेंटिमीटरची वाट. जांघेतल्या शिरेतून वायरसारखा कॅथेटर तिथवर नेतात. त्याच्या टोकातून रेडिओ लहरींची ऊर्जा देऊन ठिपक्याला ठिपका लावत झडपेपासून महाशिरेपर्यंत रेघ ओढतात. तापमान ५० अंशांच्या वर गेलं की त्या पेशी कायमच्या निकामी होतात, आणि व्रणातून वीज वाहत नाही. चालू फ्लटरमध्ये हे करत असताना शेवटचा ठिपका पूर्ण होतो, आणि पडद्यावरचे दाते अचानक थांबून संथ, नियमित ठोके सुरू होतात. पण डॉक्टर तिथे थांबत नाहीत. रेघेच्या एका बाजूने लाट सोडून ती दुसऱ्या बाजूला लांबचा वळसा घेऊनच पोचते ना, हे दोन्हीकडून तपासतात. एखादी फट राहिली तर आजार परत येतो. या ॲब्लेशनला ९० टक्क्यांहून अधिक यश येतं. त्यामुळे वारंवार होणाऱ्या फ्लटरमध्ये वर्षानुवर्षं गोळ्या घेत बसण्यापेक्षा याचा विचार आधी व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जांघेत रक्त साकळणं, क्वचित हृदयाभोवती रक्तस्राव किंवा एव्ही नोडला इजा हे धोके आहेत; ते डॉक्टरांना आधी जरूर विचारावेत.

एट्रियल फिब्रिलेशन हा याचाच भाऊबंद, पण तिथे कापायला अशी एकच वाट नसते. लाटा विस्कळीत, नाडी पूर्ण बेताल. मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्यामुळे ॲब्लेशनमध्ये त्या शिरा विजेच्या दृष्टीने वेगळ्या करतात. तिथलं यश फ्लटरइतकं हमखास नाही.

इथे स्मार्टवॉचबद्दल सांगायला हवं. घड्याळाची नाडीवरची नजर मुख्यतः बेतालपणा शोधते. फ्लटरची नाडी सुरेल असू शकते आणि घड्याळ काहीच इशारा न देता गप्प राहू शकतं. त्याचा ईसीजीही साधारणपणे एकाच लीडचा, आणि नेमके त्या लीडमध्ये दाते फिके दिसतात. धडधड होत असेल तर ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात बारा लीडचा ईसीजी काढून घ्या आणि त्याचा फोटो जपून ठेवा. सोबत चक्कर, छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर १०८ ला फोन करा.

शेवटचा मुद्दा गुठळ्यांचा. फडफडणारं अलिंद नीट आकुंचन पावत नाही. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. फ्लटर दोन दिवसांहून जुना असेल, किंवा कधी सुरू झाला हे सांगता येत नसेल, तर झटका देण्यापूर्वी तीन आठवडे रक्त गोठू न देणारं औषध देतात, नाहीतर अन्ननलिकेतून एको करून गुठळी नाही याची खात्री करतात. झटक्यानंतरही किमान चार आठवडे औषध चालू ठेवतात, कारण लय सुधारली तरी अलिंदाची ताकद परत यायला वेळ लागतो. लसूण, आलं किंवा अर्जुनाची साल हे ‘नैसर्गिक ब्लड थिनर’ असल्याचे फॉरवर्ड घराघरांत फिरतात. त्यावर विसंबून औषध सोडणं हा पक्षाघाताला दिलेला मोकळा रस्ता आहे. ॲस्पिरिनही इथे पुरेसं नाही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं जुनं औषध घेणाऱ्यांनी मेथी-पालक बंद करायची गरज नसते, पण प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये राहील असं बघावं. अपिक्साबॅनसारख्या नव्या औषधांना ही तपासणी लागत नाही. मात्र संधिवाताच्या तापाने आकसलेली मायट्रल झडप (डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली) असेल, जी आपल्याकडे अजूनही दिसते, तर वॉरफरिनच्याच गटातलं औषध दिलं जातं.

यशस्वी ॲब्लेशननंतर हे औषधही लगेच सुटेल असं बहुतेकांना वाटतं. पण फ्लटर बरा झालेल्या अनेकांना पुढच्या काही वर्षांत फिब्रिलेशन होतं, बऱ्याचदा काही न जाणवता. त्यामुळे औषध किती काळ घ्यायचं हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची ताकद आणि आधी पक्षाघात झालाय का यावर ठरतं. नंतर काढलेला ईसीजी किती सुंदर आला यावर नाही.