हायड्रिला ओळखण्यासाठी नुसती पाने मोजणे पुरेसे नाही
उत्तर अमेरिकेतील तलावांत बुडून वाढणारी पाणवनस्पती हाती आली की पेराभोवतीची पाने मोजावीत, तीन भरली तर ती तिथली मूळची एलोडिया आणि पाच भरली तर परकी, आक्रमक हायड्रिला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण भरवशाचा नाही. हायड्रिलाच्या पेरावर ३ पासून ८ पर्यंत पाने येऊ शकतात, आणि मत्स्यालयांतून पसरलेल्या एजेरियाला साधारणपणे ४ ते ६ पाने असल्यामुळे पाचाचा आकडा तिलाही लागू पडतो.

त्यापेक्षा पान जवळून पाहावे. हायड्रिलाच्या पानाची कड नुसत्या डोळ्यांनाही दातेरी दिसते आणि पानाच्या खालच्या बाजूने मधल्या शिरेवर बोट फिरवल्यास बहुधा बारीक काटे जाणवतात. एलोडियाचे दात मात्र भिंगाशिवाय दिसत नाहीत. अधिक पक्की खूण चिखलात असते: हायड्रिलाच्या जमिनीतील आडव्या खोडांच्या टोकांना वाटाण्याएवढे कंद धरतात, जे उरलेल्या दोन्ही वनस्पतींना येत नाहीत. (झाड हिसकून उपटले तर हेच कंद चिखलात राहतात.) तरीही कंद नाहीत म्हणून निर्धास्त होणे चूक ठरेल, कारण कनेटिकट नदीत २०१६ साली आढळलेल्या हायड्रिलाला कंद येतच नाहीत. शंका उरल्यास नमुना ओला ठेवून तज्ज्ञाला दाखवावा, पण पाण्यात परत टाकू नये. एका पेराचा तुकडाही पुन्हा रुजू शकतो.