नैराश्य बाळंतपणाआधीचं

गरोदर बाई उपकेंद्रात तपासणीला येते तेव्हा तिचं वजन घेतात, बीपी बघतात, हिमोग्लोबिन तपासतात, लोहाच्या गोळ्या हातात देतात. झोप लागते का, नवरा मारतो का, जीव नकोसा वाटतो का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. घरीही ‘दिवसांत असं व्हायचंच’ म्हटलं की विषय संपतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून १९९६ मध्ये तो जिल्हा पातळीवर आला, पण भर राहिला तीव्र मनोविकारांवर. माता-आरोग्याची गाडी वेगळ्याच रुळावर होती. २००५ मध्ये आशा आल्या, जननी सुरक्षा योजना आली. ध्येय एकच, बाळंतपण दवाखान्यात व्हावं आणि बाई वाचावी. ते चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

शिवाय अभ्यासकांची नजरही बाळंतपणानंतरच्या काळावर होती. नैराश्य ओळखायची १९८७ ची दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली मुळात बाळंतिणींसाठीच बनवलेली. हे चित्र आपल्याकडे हललं ते गोव्यातून. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० बायका निवडून त्यांचा पाठपुरावा केला. २००२ साली निष्कर्ष छापून आले: बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच मानसिकदृष्ट्या खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याचा त्रास आणि मुलगी झाली म्हणून वाट्याला आलेली नाराजी ही कारणंही त्यात दिसली. म्हणजे बाई तपासणीला येत होती, तेव्हाच हे कळू शकलं असतं.

उपचार करणार कोण, याचं उत्तर पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांतून आलं. मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’नाच, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांनाच समुपदेशन शिकवलं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे मिळून सोळा भेटी. बोलणं बाळाच्या तब्येतीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे सासूही मध्ये पडायची नाही. (ही युक्ती मला सगळ्यात हुशारीची वाटते.) २००८ च्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनी या गटातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य उरलं होतं, हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम ‘सखीं’नी, म्हणजे वस्तीतल्याच आयाबायांनी केलं. २०१९ मध्ये आलेले आकडे तिथे बेताचेच होते, पण बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.

आता आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे आधीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत, मानसिक आरोग्य हा सेवांचा भाग आहे. आशा घरोघरी भरतात त्या तपासणी-फॉर्मात नैराश्याचे दोन प्रश्नही आहेत. फक्त तो फॉर्म तिशी आणि त्यापुढच्यांसाठी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांची बाळंतपणं तिशीआधीच उरकलेली असतात.